बझ खरा होता, १९९५ खोटं होतं

गेल्या दिवाळीत बोनस झाला आणि मी साडेअठरा हजारांचं एक खेळणं घेतलं. बायकोला आठ हजारच माहीत आहेत, तेव्हा ओळखीच्या कुणी हे वाचलं तर कृपया गप्प राहावं.

खेळणं म्हणजे ‘टॉय स्टोरी’ या ॲनिमेशनपटातला अंतराळवीर बझ लाइटइयर. चित्रपट आला नोव्हेंबर १९९५ मध्ये. त्याची खेळणी बनवायला बड्या अमेरिकन कंपन्यांनी नकार दिला होता, कारण हातात वेळ फार थोडा होता. शेवटी थिंकवे नावाच्या कॅनडातल्या छोट्या कंपनीने काम उचललं. चित्रपट तुफान चालला आणि त्या नाताळात बझ दुकानांतून संपले. १९९९ च्या दुसऱ्या भागात खुद्द चित्रपटानेच यावर टोमणा मारला आहे, की १९९५ मध्ये दुकानदारांनी पुरेसा माल मागवलाच नव्हता. तसा हा बझ फार दुर्मीळ नाही. पण पहिल्या खेपेचा, सील न उघडलेला, खोक्याच्या कडा शाबूत असलेला मिळाला तर जमवणारे पैसे मोजतात.

माझं कारण वेगळं. डोंबिवलीत आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या मित्राच्या मामाने न्यू जर्सीहून त्याला बझ आणला होता. आम्हाला फक्त बघायची परवानगी. त्याच्या आईने एकदा, एकदाच, मला छातीवरचं लाल बटण दाबू दिलं. खटकन दोन्ही बाजूंनी पंख बाहेर आले. तो खटका माझ्या अंगठ्याला अजून आठवतो. हे मुद्दाम सांगतोय, कारण वयाच्या अडतिसाव्या वर्षी पैसे मोजले ते त्या अंगठ्याने. डोक्याने मोजले असते तर पुढचं काही घडलं नसतं.

अमेरिकेतून थेट मागवायची कस्टमची धास्ती होती. खेळण्यांवरची आयात ड्यूटी २०२० च्या बजेटमध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेली, २०२३ मध्ये ७० वर. त्यात कुरिअरचा खर्च. म्हणून आपल्याकडेच कुणी विकतंय का ते शोधत होतो, आणि जमवणाऱ्यांच्या एका ग्रुपवर हा भेटला. कोल्हापूरचा म्हणाला. बोलणं एकदम गोड. “दादा, एमआयएसबी पीस आहे, सी-९. दहा वर्षं माझ्या कपाटात आहे, ऊनसुद्धा लागलेलं नाही.”

नवख्यांसाठी सांगतो. एमआयएसबी म्हणजे ‘मिंट इन सील्ड बॉक्स’, सीलबंद खोक्यात, अगदी कोरा. सी-९ म्हणजे दहापैकी नऊ गुण. ते गुण कोण देतं? विकणाराच देतो. स्वतःच्या पोराचा पेपर स्वतःच तपासावा तसं. पैसे घेऊन ग्रेडिंग करणाऱ्या कंपन्या अमेरिकेत आहेत, त्या वस्तू तपासून ॲक्रिलिकच्या पेटीत बंद करतात आणि शंभरपैकी आकडा देतात. नुसत्या ‘सी’ला असा कुणी वाली नसतो. मला हे माहीत होतं, आणि तरी ‘सी-९’ वाचून बरं वाटलं होतं.

मी अगदीच आंधळेपणाने घेतलं असं नाही. रात्री दोन-दोन तास लॅपटॉपवर चित्रपट थांबवून त्याने पाठवलेल्या सहा फोटोंशी ताडून बघितलं. जांभळ्या टोपीचा रंग, हनुवटीवरची वळी, छातीवरच्या तीन बटणांचा क्रम, हिरव्या पट्ट्यांची रुंदी. सगळं जुळत होतं. जुळणारच. चित्रपटात जे दिसतं ते प्रत्येकाला दिसतं, खेळणं बनवणाऱ्यालाही.

आणि मग मी माझा हुकमाचा प्रश्न टाकला. चित्रपटात बझला आपण खरे अंतराळवीर नाही, खेळणं आहोत हे कळतं ते मनगटावरच्या झाकणाखाली ‘मेड इन तैवान’ वाचून. म्हटलं, खऱ्या जाणकारालाच हे ठाऊक असणार. विचारलं, “मनगटावर मेड इन तैवान लिहिलंय ना?”

दहा सेकंदांत उत्तर. “हो दादा, लिहिलंय!”

खोका सीलबंद. झाकण न उघडता त्याला आत काय लिहिलंय ते कसं कळलं, हे त्या क्षणी माझ्या डोक्यात आलं नाही. उलट माणूस माहीतगार आहे म्हणून मी खूश.

चिठ्ठीही मागितली होती. कागदावर माझं नाव आणि तारीख लिहून वस्तूशेजारी ठेवून फोटो काढायचा, ही जमवणाऱ्यांची जुनी रीत. त्याने पाठवला. फोटोत खोक्याची फक्त पुढची बाजू आणि खिडकीवर नेमका ट्यूबलाइटचा उजेड. मागची बाजू मागितली तर म्हणाला, “दादा, बबल रॅप केलाय आता, परत सोडायला लावू नका.” मला त्याचीच दया आली. साडेआठ हजार यूपीआयने आगाऊ दिले, कुरिअरच्या पावतीचा फोटो आल्यावर उरलेले दहा.

पार्सल आलं, उघडताना व्हिडिओ काढला, बझ कपाटात ठेवला. सील तोडायचा प्रश्नच नव्हता. नऊ दिवस रोज रात्री कपाट उघडून बघायचो.

दहाव्या दिवशी माटुंग्याच्या काकांकडे घेऊन गेलो. नातं काही नाही, पण आमच्यात सगळे त्यांना काकाच म्हणतात. प्रभादेवीला त्यांचा ऑफसेट प्रेस होता, आता निवृत्त आहेत आणि हॉलभर पत्र्याच्या मोटारी आहेत. कौतुक होईल या अपेक्षेने गेलो होतो. त्यांनी बझकडे पाहिलंच नाही. खोका उचलून वास घेतला. मग टेबलाच्या खणातून प्रेसमधलं छोटं भिंग काढून खोक्याच्या कोपऱ्यावर टेकवलं आणि मला म्हणाले, “बघ.”

मला निळा रंग दिसला.

“ठिपके बघ. ऑफसेटला चार रंगांचे ठिपके रांगेत बसतात, बारीक फुलं पडल्यासारखी. हे काय आहे? पिचकारी मारल्यागत विखुरलंय. इंकजेट आहे हे, गाढवा. लाखांनी माल काढणारी कंपनी खोके इंकजेटवर छापेल का?”

शेजारी त्यांनी नव्वदच्या दशकातला दुसऱ्याच एका खेळण्याचा खोका ठेवला. त्याच्या घडीवर शाई तडकून आतला पुठ्ठा बारीक रेघेत पांढरा दिसत होता, खिडकीचं प्लास्टिक किंचित पिवळट आणि कडक झालेलं. माझ्या खोक्याच्या घड्या कालच्या होत्या. मी म्हटलं, कपाटात होता ना. काका म्हणाले, “कपाटात घातलं म्हणून कुणाचं वय थांबतं का?”

सील मग त्यांच्याच कात्रीने काढलं. काढताना पोटात खड्डा पडला, खोटं आहे हे कळूनसुद्धा. बझ बाहेर आला तो पांढराशुभ्र. जुनं पांढरं प्लास्टिक बहुतेक वेळा पिवळं पडतं, पण यावर एकट्यावर विसंबू नका. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून ते पुन्हा पांढरं करणारे पुष्कळ आहेत. काकांनी बझ पालथा केला आणि पाठीवरच्या बॅटरीच्या झाकणाशी भिंग नेलं.

तिथे नखाएवढं चित्र होतं. चाकं असलेली कचरापेटी, वर फुली.

हे चिन्ह तुमच्या मोबाइलच्या चार्जरवरही सापडेल. बॅटरीवर किंवा विजेवर चालणारी वस्तू साध्या कचऱ्यात टाकू नका, असा त्याचा अर्थ. युरोपात ते ऑगस्ट २००५ पासून सक्तीचं झालं. १९९५ च्या बझवर ते असेल कसं? त्याच्या खाली कंपनीचं नाव, कॉपीराइट हक्कांची ओळ आणि ‘चीन’. त्या हक्कांच्या ओळीत ‘डिस्ने/पिक्सार’ अशी जोडी. पिक्सार म्हणजे चित्रपट बनवणारा स्टुडिओ, डिस्ने तो बाजारात आणणारी कंपनी. पहिला चित्रपट आला तेव्हा खेळण्यांवर डिस्नेचंच नाव होतं. १९९७ मध्ये दोघांत नवा करार झाला, आणि पिक्सारचं नाव डिस्नेच्या बरोबरीने मालावर यायला लागलं ते त्यानंतर. खोक्यावर मात्र एकटं डिस्ने होतं, कारण खोका खऱ्या जुन्या खोक्याची नक्कल होता. खोका एक साल सांगत होता आणि आतला माल दुसरं.

मी तरी क्षीणपणे म्हणालो, “पण काका, तैवान…”

“अरे, तैवान चित्रपटातल्या बझवर. दुकानातला चीनमध्येच व्हायचा.”

गंमत म्हणजे बझ नकली नव्हता. कंपनीचाच, खरा, पण पुढच्या भागांच्या वेळचा, वापरलेला, दोन-तीन हजारांचा. कुणीतरी तो पुसूनपासून, नव्या तारांनी बांधून, छापलेल्या खोक्यात बसवून वर गोल सील चिकटवलं होतं. म्हणून तर हातात आल्यावरही चित्रपटाशी सगळं जुळत होतं. मी रात्रभर बझ तपासत होतो, आणि तपासायला हवं होतं साल. ते चेहऱ्यावर नसतं. ते असतं पाठीवर, तळव्यावर, बॅटरीच्या झाकणावर आणि खोक्याच्या तळाशी. ज्या बाजूंचा फोटो काढायला त्याला जिवावर येत होतं, नेमकं तिथेच.

संध्याकाळी त्याला फोन केला. पहिल्यांदा म्हणाला, “दादा, मलाही तसाच मिळालाय.” दुसऱ्यांदा उचललाच नाही. रात्री ग्रुपवरून त्याचं खातंच गायब. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली. तिथे कळलं की पैसे गेल्यावर पहिले काही तास महत्त्वाचे, तेव्हा कळवलं तर समोरच्या खात्यातली रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते. माझे पैसे जाऊन दोन आठवडे झाले होते. शिवाय वस्तू तर मिळाली होती. चौकीत समजावून सांगताना घाम फुटला.

“खेळणं आलं ना?”

“आलं साहेब, पण पंच्याण्णवचं नाही.”

“म्हणजे नवीन आलं?”

“हो.”

“मग जुन्याच्या जागी नवीन आलं तर तक्रार काय तुमची?”

याला उत्तर आहे, पण ते चौकीत उभं राहून देता येत नाही. तक्रार मात्र त्यांनी नीट लिहून घेतली. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ, सगळे मेसेज आणि यूपीआयचे व्यवहार क्रमांक दिले. मेसेज मी पुसले नव्हते हे बरं झालं. तुम्हीही रागाच्या भरात ब्लॉक-डिलीट करू नका.

तक्रारीसाठी छापायला म्हणून ते सहा फोटो मोठे केले, तेव्हा चौथ्या फोटोत मागे, टेबलाच्या पायाशी, भिंतीवरचं सॉकेट दिसलं. दोन उभ्या चपट्या फटी, खाली एक अर्धगोल. अमेरिकन. कोल्हापूरच्या कपाटातला बझ. फोटो टाकून शोध घेतला तर परदेशातल्या कुणाच्या तरी जुन्या विक्रीतले निघाले, एक सोडून सगळे. तो एक म्हणजे चिठ्ठीचा. तेवढा एकच माझ्या खोक्याचा होता. महिनाभर ते फोटो माझ्याकडे होते, मी बझच्या हनुवटीच्या वर-खाली कुठे बघितलंच नव्हतं.

बझ सध्या काकांकडेच आहे, नवीन कुणी आलं की ते बॅटरीचं झाकण दाखवतात. तक्रारीचं अजून काही झालेलं नाही.

मागच्या आठवड्यात दुसऱ्या एका ग्रुपवर तेच फोटो दिसले. नाव वेगळं, गाव नाशिक, किंमत बावीस हजार, सी-९. चौथा फोटो खालून कापलेला होता.