‘आधी ड्रायव्हर तपासा’ म्हणत ११२ डॉलर ५० सेंटला गंडवलं

एसडीआर डोंगल, म्हणजे संगणकाला यूएसबीने जोडून रेडिओ लहरी ऐकायचा छोटा रिसीव्हर, ऑनलाइन मागवायचा विचार असेल तर हे वाचा. ‘एवढंही कळलं नाही का’ असं मला विचारायचं असेल तर आधी शेवटपर्यंत वाचा, मग विचारा.

जाहिरात अशी: १० किलोहर्ट्झ ते ६ गिगाहर्ट्झ, १२ बिट, ०.५ पीपीएमचा (दहा लाखांत अर्धा भाग एवढीच चूक करणारा) टीसीएक्सओ, म्हणजे तापमान बदललं तरी फारसा न सरकणारा क्रिस्टल, बायस-टी (अँटेनाच्या तारेतूनच वीज देणारी सोय), अ‍ॅल्युमिनियमची केस. डोंगल ६४ डॉलर, ‘हाय गेन’ अँटेना किट १९, पाठवणावळ साडेसात. नंतर त्याच विक्रेत्याच्या सल्ल्यावरून घेतलेला एलएनए, म्हणजे क्षीण सिग्नल वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर, २२. करा बेरीज.

जोडल्यावर विंडोजने नेहमीप्रमाणे टीव्ही ट्यूनरचा ड्रायव्हर बसवला, झाडिग या ड्रायव्हर बदलणाऱ्या प्रोग्रॅमने तो काढून विनयूएसबी बसवला, एफएम स्टेशनं खणखणीत लागली. विमानं आपली जागा सांगणारे संदेश पाठवतात त्या १०९० मेगाहर्ट्झवर मात्र एकही विमान दिसेना. विक्रेत्याला लिहिलं. उत्तर आलं, आधी ड्रायव्हर तपासा. मग यूएसबीची एक्स्टेन्शन केबल बदला. मग अँटेना खिडकीबाहेर न्या. मग गेन, म्हणजे सिग्नल किती वाढवायचा ते, ऑटोवर ठेवू नका. यातला एकही सल्ला खोटा नव्हता, हीच तर खरी मेख! या यंत्रांना हे सगळे आजार खरोखर असतात. सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला सिग्नलची घेतलेली मोजमापं, २.४ दशलक्षाच्या वर नेला की सॅम्पल गळतात, जवळचं एफएम स्टेशन दांडगं असलं की नसलेल्या जागी त्याची भुतं उमटतात, गेन वाढवला की सिग्नलआधी गोंगाट चढतो. त्यामुळे काही चाललं नाही की आपण स्वतःकडेच बोट दाखवतो. विक्रेत्याला नेमकं तेच हवं असतं. त्याला डोंगल दुरुस्त करायचंच नव्हतं, तक्रारीची मुदत उलटवायची होती.

आता जिथे माझं डोकं सणकतं ते सांगते. पहिल्याच संध्याकाळी मी आरटीएल-टेस्ट हे डोंगल तपासायचं सॉफ्टवेअर चालवलं होतं. काळ्या खिडकीत भराभर ओळी आल्या आणि त्यात स्पष्ट होतं: ‘फाउंड फिटिपॉवर एफसी००१२ ट्यूनर’. मी ती ओळ वाचली. वाचून खाली सरकले, कारण मी गळणारे सॅम्पल शोधत होते. ट्यूनर म्हणजे हवी ती फ्रिक्वेन्सी पकडणारी चिप, त्यामुळे त्या एका ओळीत सगळं होतं. एफसी००१२ ची धाव साधारण २२ ते ९४८ मेगाहर्ट्झ. विमानांचे एडीएस-बी संदेश १०९० वर. म्हणजे अँटेना गच्चीवर लावली असती काय, डोंगरावर नेली असती काय, एक विमान दिसणार नव्हतं. आर८२०टी२ ही दुसरी ट्यूनर चिप असती तर १७०० च्या पुढे गेली असती. आणि १२ बिट? आत आरटीएल२८३२यू, मूळची डिजिटल टीव्हीची चिप, ती ८ बिटच देते. पण मला सांगा, ट्यूनरचे नंबर आणि त्यांच्या मर्यादा कोण पाठ करून ठेवतं? हॅमची, म्हणजे हौशी रेडिओची, परीक्षा दिलेल्या माणसालाही त्यात हे विचारत नाहीत. जाहिरातीवर विश्वास ठेवणं हा गुन्हा झाला का?

एलएनएची कथा तर आणखी संतापजनक. ‘सिग्नल कमजोर आहे, एलएनए लावा, बायस-टीतून वीज मिळेल.’ लावला, तर एफएमसुद्धा मंदावलं. शेवटी मल्टिमीटर काढला. एक टोक एसएमए या अँटेना जोडायच्या कनेक्टरच्या मधल्या पिनला, एक बाहेरच्या धातूला, बायस-टी चालू. साधारण साडेचार व्होल्ट यायला हवेत. आले शून्य, म्हणजे एलएनएला वीजच मिळत नव्हती. केस उघडली तर बायस-टीचे भाग बसवलेलेच नाहीत, सर्किटच्या पाटीवर नुसत्या मोकळ्या जागा. टीसीएक्सओच्या जागी दोन पायांचा साधा २८.८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल. म्हणूनच ४३३ मेगाहर्ट्झवरचा सेन्सर २६ किलोहर्ट्झ सरकून दिसत होता. म्हणजे ६० पीपीएम! ०.५ म्हणे.

पेटी हातात पडताच आरटीएल-टेस्ट चालवा आणि ट्यूनरचं नाव जाहिरातीशी ताडून बघा. त्या खिडकीचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा. विक्रेत्याशी बोलणं साइटच्या बाहेर नेऊ नका.

आता तक्रारीचं ऐका. विक्रीच्या साइटवरच्या तक्रार विभागाने ‘दोषाचा फोटो’ मागितला. १०९० मेगाहर्ट्झ न ऐकू येण्याचा फोटो कसा काढतात, हे त्यांनी मला शिकवावं. स्क्रीनशॉट पाठवला, तर उत्तर: संगणक डोंगल ओळखतो आहे, अर्थात वस्तू चालू आहे. मी लिहिलं, चालू आहे पण वेगळीच आहे. दुसऱ्या माणसाने तेच उत्तर पुन्हा चिकटवलं. तिसऱ्याने ड्रायव्हर तपासायला सांगितलं! बँकेकडे गेले. वस्तू मिळाली ना, मग ही फसवणूक नव्हे, विक्रेत्याशी वाद आहे. सायबर तक्रारीत सांगितलं, ओटीपी गेला नाही, खातं रिकामं झालं नाही, ग्राहक विभागाकडे जा. ग्राहक विभाग म्हणाला, विक्रेता परदेशात, आमच्या कक्षेत येत नाही. प्रत्येकाने नम्रपणे दार दाखवलं आणि प्रत्येकाने ‘आमची सेवा कशी वाटली’ म्हणून तारे मागितले. ज्याला पीपीएम म्हणजे काय माहीत नाही तो माझ्या तक्रारीवर ‘तांत्रिक तपासणी पूर्ण’ असा शेरा मारतो.

विक्रेत्याने मध्येच ९ डॉलर देऊ केले, तक्रार मागे घेण्याच्या अटीवर. घेतले नाहीत. तुम्हीही घेऊ नका, ती अट मान्य केली की पुढे तोंड उघडता येत नाही.

आणि केस उघडण्याआधी तक्रार नोंदवा, बंद केसचे चारही बाजूंनी फोटो काढा. माझ्या तक्रारीवर शेवटचं कारण तेच लिहिलं आहे: ‘ग्राहकाने उपकरण उघडल्यामुळे दावा अमान्य.’