लाल पडलेले पाच रुपयांचे नाणे आणि ‘तांब्याच्या चकती’ची थाप

कोल्हापुरात सध्या पाच रुपयांची काही लालसर नाणी ‘टांकसाळीत चुकून तांब्याच्या चकतीवर छापली गेलेली’ म्हणून विकली जात असून, त्यांपैकी २०१३ सालचे एक नाणे मी बिंदू चौकाजवळ भेटलेल्या एका विक्रेत्याकडून ४,५०० रुपयांना घेतले. ते एरर नाणे, म्हणजे टांकसाळीतल्या चुकीमुळे वेगळे निघालेले नाणे, नव्हते; आम्लाने किंवा दमट मातीने खाल्लेले साधे नाणे होते. नवीन संग्राहकांना ही लबाडी ओळखता यावी म्हणून ती तपशिलाने लिहीत आहे.

नाणे बंद प्लास्टिकच्या डबीत होते आणि ‘हात लागला की किंमत पडते, काका,’ असे सांगून विक्रेत्याने ते बाहेर काढू दिले नाही. सोबत रिझर्व्ह बँकेचे नाव छापलेले एक ‘प्रमाणपत्र’ होते. रिझर्व्ह बँक जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीच्या व्यवहारात पडत नाही आणि त्यासाठी शुल्कही घेत नाही, हे तिने ४ ऑगस्ट २०२१ च्या पत्रकात स्पष्ट केले आहे. तेव्हा असा कागद दिसताच सौदा तिथेच थांबवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पावतीवर मात्र फक्त ‘जुने नाणे, १ नग’ एवढेच लिहिले होते. तांबे, एरर, वजन यांपैकी एकही शब्द तिच्यावर नव्हता, आणि तो चुकून राहिला असे मला वाटत नाही.

गुजरीतील एका सराफाच्या काट्यावर नाणे ठेवले तेव्हा वजन ५.४२ ग्रॅम भरले. २०१३ सालचे निकेल ब्रासचे पाच रुपयांचे नाणे २३ मिलिमीटर व्यासाचे आणि ६ ग्रॅम वजनाचे असते. वजनात थोडा फरक कायद्यालाही मान्य आहे, पण अर्ध्या ग्रॅमहून अधिक घट हा टांकसाळीचा फरक नव्हे. शिवाय तांबे निकेल ब्रासपेक्षा जड असल्यामुळे त्याच मापाची चकती खरोखरच तांब्याची असती, तर नाणे ६ ग्रॅमच्या वर गेले असते. इथे ते उलट खाली आले होते. चलनातील नाण्यांसाठी त्या काळात निव्वळ तांब्याची चकती वापरातच नव्हती, मग ती यंत्रात चुकून पडणार तरी कशी, हा प्रश्न विक्रेत्याला विचारला असता, तर त्याच्याकडे काय उत्तर असते कोण जाणे.

लाली येते ती अशी. निकेल ब्रास या मिश्रधातूत ७५ टक्के तांबे, २० टक्के जस्त आणि ५ टक्के निकेल असते. नाणे खारट ओलीत, नदीच्या गाळात किंवा सौम्य आम्लात पडून राहिले की जस्त आधी विरघळून जाते आणि पृष्ठभागावर तांब्याचा लाल, सच्छिद्र थर उरतो. दहापट भिंगाखाली माझ्या नाण्याचा पृष्ठभाग स्पंजासारखा दिसला, लाली कुठे गडद तर कुठे फिकी होती आणि कडेवरच्या एका जुन्या खरचटीत आतला पिवळा धातू स्वच्छ दिसत होता. चकतीच वेगळ्या धातूची असती, तर तिथेही लालच दिसले असते.

अक्षरांची साक्ष याहून पक्की आहे. नाण्यावर छाप उमटवणाऱ्या साच्यात वंगण भरल्यामुळे अक्षरे उमटली नाहीत, तर त्यांच्या जागी धातू गुळगुळीत राहतो, भोवतालची टांकसाळी चमक टिकते आणि वजनही पूर्ण भरते. साच्याला चीर गेली असेल, तर नाण्यावर उठावाची रेघ येते, कारण धातू त्या चिरेत शिरतो. गंजाचे खड्डे मात्र नेहमी पृष्ठभागाच्या आत असतात. माझ्या नाण्यावर ‘सत्यमेव जयते’ची अक्षरे चहूबाजूंनी झिजून बारीक झाली होती आणि कडही पातळ झाली होती. नाणे कुठल्या टांकसाळीत पडले ते सांगणारी सालाखालची बारीक खूण दिसत नाही म्हणजे नाणे कोलकात्याचे, असे विक्रेत्याने छातीठोकपणे सांगितले होते. कोलकाता टांकसाळ खूण टाकत नाही हे खरेच आहे, पण सालाखाली तिरपा उजेड पाडल्यावर हैदराबाद टांकसाळीची खूण असलेल्या ताऱ्याचा बुडखा दिसला.

त्याच विक्रेत्याकडे कड तुटलेली नाणीही होती. चकती कापतानाच तुकडा गेला असेल, तर त्याच्या बरोबर समोरची कडही बहुधा दबलेली आणि अस्पष्ट उमटते. त्याच्या नाण्यांची समोरची कड ठळक होती, म्हणजे ती नंतर कापली किंवा घासलेली असणार.

पैसे परत मागितले तेव्हा ‘विकलेला माल परत घेत नाही’ असे उत्तर आले आणि नंतर फोन लागेनासा झाला. पावती, बनावट प्रमाणपत्र आणि वजनाची चिठ्ठी जोडून मी पोलिसांकडे तक्रार दिली आहे. त्यानंतर इचलकरंजीच्या एका ओळखीच्या संग्राहकाला अशाच नाण्याचे छायाचित्र ६,००० रुपये भाव सांगून पाठवण्यात आले. ते पिवळ्या दिव्याखाली काढलेले होते. त्याने दिवसाच्या उजेडातले छायाचित्र आणि काट्यावर ठेवलेल्या नाण्याचे वजन मागितले, तेव्हापासून विक्रेत्याने त्याला काहीच कळवलेले नाही.