आधी नीट समजावून सांगतात, मग तपासण्या लिहितात

पाचव्या महिन्यातल्या अ‍ॅनोमली स्कॅनमध्ये बाळाच्या मेंदूत काही वेगळं दिसलं म्हणून तुम्हाला कोणी पुण्याला पाठवलं असेल, तर हे तुमच्यासाठी लिहितेय. या फीटल मेडिसिन सेंटरला, म्हणजे पोटातल्या बाळाच्या तपासणीच्या केंद्राला, आम्ही कराडहून आलो. आमच्याकडच्या सोनोग्राफीवाल्यांनी "बाळाच्या डोक्यात पाणी दिसतंय, पुण्याला दाखवून या" एवढं बोलून पाकीट हातात दिलं होतं. रिपोर्टवर डाव्या व्हेन्ट्रिकलचं (मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीचं) माप 11.4 मिमी आणि पुढे 'माइल्ड व्हेन्ट्रिक्युलोमेगली', म्हणजे ती पोकळी थोडी रुंद. त्या रात्री मोबाईलवर जे जे वाचलं, त्याने माझं अवसानच गेलं.

इथल्या मॅडमनी पहिला रिपोर्ट वाचून बाजूला ठेवला आणि सगळं स्वतः परत पाहिलं. बाळाची मान अशी होती की हवं ते दिसेना, तर मला खाऊन, फिरून यायला सांगितलं आणि पुन्हा आत घेतलं. डोकं खालच्या बाजूला असल्यामुळे योनीमार्गातूनही स्कॅन केला; तिथून मेंदू जवळून दिसतो. तोही आधी मला विचारून.

मग समोर बसवून कोऱ्या कागदावर मेंदू काढला, आतल्या दोन पोकळ्या निळ्या पेनाने गिरवल्या. या पोकळ्यांत पाणी आपल्या सगळ्यांच्याच असतं, ते तिथेच तयार होतं, मेंदू आणि मणक्याभोवती फिरतं आणि शोषलं जातं, हे मला तिथे कळलं. रुंदी 10 मिमीच्या आत हवी. 10 ते 12 सौम्य, 13 ते 15 मध्यम, त्यापुढे गंभीर. "आजार कुठला ते नुसत्या मापावरून कळत नाही. ते का वाढलंय ते शोधू," म्हणाल्या. कुठे अडथळा आहे का, मेंदूचे दोन भाग जोडणारा कॉर्पस कॅलोसम पूर्ण आहे का, सीएमव्ही (एक विषाणू) किंवा टॉक्सोप्लाझ्मा (एक परजीवी) यांचा संसर्ग आहे का, गुणसूत्रांत काही आहे का, हे सगळं त्याच कागदावर लिहून दिलं. यातलं काहीच नाही सापडलं आणि माप 12 च्या आतच राहिलं, तर शंभरातल्या नव्वदहून जास्त मुलांची वाढ नेहमीसारखी होते, हेही सांगितलं. आणि उरलेल्यांना कोणत्या अडचणी येऊ शकतात, तेही लपवलं नाही.

सासूबाईंनी विचारलं, "मॅडम, ग्रहणात हिने भाजी चिरली होती, त्याने तर नाही ना?" मॅडम हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. "आई, ग्रहणाचा याच्याशी काही संबंध नाही. आणि हिची यात काही चूक नाही." तो विषय आमच्या घरात तिथेच संपला. माझी फी त्या दोन वाक्यांत वसूल झाली.

नंतर घरच्यांना बाहेर बसायला सांगून माझ्या एकटीशी बोलल्या. बाळात मोठा दोष निघाला आणि गर्भपात करायचं ठरलं, तर 24 आठवड्यांपर्यंतचा मार्ग वेगळा. त्यापुढे 2021 च्या कायद्याप्रमाणे मेडिकल बोर्डाकडे जावं लागतं. बाळाभोवतीचं पाणी सुईने काढून केलेल्या मायक्रोअ‍ॅरेचा (गुणसूत्रांच्या बारीक तपासणीचा) रिपोर्ट यायला दोन-तीन आठवडे जातात, म्हणून या तारखा आत्ताच माहीत हव्यात. संमती फक्त माझी लागते, हेही स्पष्ट सांगितलं. कुठल्याच बाजूला ढकललं नाही. असं माझ्याशी कोणी बोलेल याची मला अपेक्षाच नव्हती.

आता खटकलेलं. अकराची वेळ देऊन आत घेतलं दोननंतर. त्याच हॉलमध्ये आनंदाने स्कॅनला आलेली जोडपी, मोठ्याने पुकारलेली नावं. आमच्यासारख्यांसाठी एखादी वेगळी खोली हवीच. रिपोर्ट पूर्ण इंग्रजीत, निदान एक पान मराठीत द्यायला काय हरकत आहे? माझ्याकडे मराठीत आहे तो फक्त तो चित्राचा कागद. एमआरआय बाहेर करावा लागतो आणि त्याचे पैसे वेगळे, हे रिसेप्शनवर आपणहून कोणी सांगत नाही. एकूण खर्च आधीच लिहून मागा, देतात.

पाणी काढताना सुई टोचल्यापेक्षा पोट आवळल्यासारखं जास्त वाटलं. एमआरआय थोडा उशिरा केला, कारण मेंदूच्या घड्या नंतर जास्त स्पष्ट होतात. त्यात क्ष-किरण नसतात, मला इंजेक्शनही दिलं नाही; आवाज मात्र फार, आणि कुशीवर बराच वेळ न हलता पडावं लागलं. मायक्रोअ‍ॅरे नॉर्मल आला, कॉर्पस कॅलोसम पूर्ण आहे, संसर्ग नाही. माप अजून अकराच्या आसपासच आहे. तरीही मॅडम "आता काळजीच नको" असं म्हणाल्या नाहीत. प्रत्येक गोष्ट या तपासण्यांत सापडत नाही. जन्मानंतर टाळूवरून सोनोग्राफी करायची आणि वाढीवर लक्ष ठेवायचं, असं सांगितलं. मला हेच जास्त पटतं. भीती गेलेली नाही, पण आता ती 11.4 या आकड्याची नाही.

जाताना आधीच्या स्कॅनची चित्रं न्या, नुसता रिपोर्ट पुरत नाही. गर्भलिंगनिदान-बंदी कायद्याखाली सोनोग्राफीच्या वेळी भरायच्या फॉर्म एफसाठी ओळखपत्र लागतं. रक्तगट निगेटिव्ह असेल तर आधीच सांगा, पाणी काढल्यावर अँटी-डीचं इंजेक्शन लागतं.