सगळ्या कागदांवर तीच पाकळी

लग्न ठरलं तेव्हाच लेकीने जाहीर केलं, पत्रिका घरी करायच्या. सोनेरी गणपती नको, रिबिनी नकोत. हातकागदावर मजकूर, चार कोपऱ्यांना हळदीकुंकवाची बोटं, झालं. दीडशे पत्रिका. छापखान्यापेक्षा स्वस्तात पडेल म्हणून मीही मान डोलावली.

कागद तिने इन्स्टाग्रामवर शोधला. झेंडूच्या पाकळ्या घातलेला, जाडजूड २५० जीएसएम, ए-फोर, पाकिटासकट १८ रुपये नग. आम्ही राहतो पुण्यात, वह्या-कागदाच्या दुकानांचा अप्पा बळवंत चौक हाकेच्या अंतरावर, आणि कागद मागवतोय मोबाइलवरून! पण अगदीच बावळट नव्हतो हो, आधी नमुना मागवला. दोन कागद आले. सुरेख. पाकळीवरून नख फिरवलं की ती बोटाला लागायची. ते दोन्ही मी कपाटात साडीच्या घडीत ठेवले आणि १७० नगांचे ३,०६० रुपये यूपीआयने आगाऊ भरले. "ताई, पूर्ण पैसे आधी दिलेत तर कुरिअर फुकट," असं विक्रेता म्हणाला होता.

गठ्ठा आला तो बारशाला जायच्या घाईत. फोडला, वरचा कागद पाहिला, ठेवून दिला. रविवारी सगळे जमून बसलो. रिफिल संपलेल्या पेनने पट्टीच्या कडेने घडीची रेघ ओढायची, मग दुमडायचं, म्हणजे कागद फाटत नाही. इथे रेघ ओढताच कागद चरचरला. प्रिंटरमधून 'चि. सौ. कां.' बाहेर आलं तर शाई फुटून 'कां'वरचं टिंब चण्याएवढं. मग धाकट्याने दाखवलं, "आई, ही पाकळी बघ." उजव्या कोपऱ्यात वळलेली पाकळी. दुसऱ्या कागदावर तीच, तिसऱ्यावर तीच, त्याच जागी. नख फिरवलं, गुळगुळीत. छापलेली होती.

मग मी स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला, जो पंधरा दिवस आधी काढायला हवा होता. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, आणि ए-फोरचे १६ कागद मिळून साधारण एक चौरस मीटर भरतात. म्हणजे २५० जीएसएमचा एक कागद साडेपंधरा ग्रॅमच्या आसपास हवा. नमुन्याचे दोन भरले ३१ ग्रॅम. गठ्ठ्यातले दहा भरले ७५. निम्म्याहूनही कमी! कुरिअरच्या चिठ्ठीवर तर वजन छापलेलंच होतं, २.१ किलो, पाकिटं धरून. नुसता कागदच अडीच किलोच्या वर भरायला हवा होता. चिठ्ठी कोण वाचतं?

विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, "गठ्ठा फोडतानाचा व्हिडिओ आहे का?" नव्हता. मग त्याने ब्लॉक केलं. लेकीने माझ्या खात्यावरून त्याच्या पानावर रागारागाने सगळं लिहिलं आणि खाली माझा नंबर दिला, आणखी कुणी फसलं असेल तर बोलावं म्हणून.

अर्ध्या तासात फोन. "काकू, रिफंड विभागातून बोलतोय, झालेल्या प्रकाराबद्दल माफी मागतो." इतकं गोड की मीच ओशाळले. त्याने क्यूआर कोड पाठवला, स्कॅन करा, ३,०६० दिसतील, पिन टाका, पैसे जमा. माझे हात खळीने बरबटलेले, लेक आंघोळीला गेलेली. करंगळीने पिन दाबला. पैसे गेले. "अरेरे, उलटं झालं बघा, आता ६,१२० चा टाका म्हणजे दोन्ही एकदम परत येतील." आणि मी टाकला. हे लिहितानाही कान तापतात. पैसे घ्यायला पिन लागतच नाही, तो द्यायला लागतो, हे मीच सासूबाईंना दहा वेळा सांगितलंय.

लेकीने केस पुसत पुसत १९३० ला फोन लावला. सायबर फसवणुकीची तक्रार तिथे होते, जितक्या लवकर कराल तितकी रक्कम पुढच्या खात्यातच गोठवली जायची शक्यता जास्त. बँकेलाही कळवलं. तक्रार क्रमांक मिळाला, पैसे अजून नाहीत. कागदाच्या लबाडीसाठी ग्राहक हेल्पलाइन वेगळी, १९१५. दोन फसवणुका, दोन नंबर. तो गोड बोलणारा विक्रेत्याचाच माणूस की नुसत्या तक्रारी वाचत बसणारा तिसराच, ते काही कळलं नाही.

शेवटी अप्पा बळवंत चौकात गेलो. दुकानदाराने न विचारताच कागद वाकवून, उजेडात धरून दाखवला. पाकळ्यांचा नाही, साधा पांढरा घेतला.

पहिली पत्रिका मात्र नमुन्याच्या खऱ्या कागदावर काढली आणि कसबा गणपतीपुढे ठेवली. दुसरी कुलदेवीला. उरलेला गठ्ठा फ्रिजवर पडून आहे, वाण्याची यादी त्यावरच होते. उजव्या कोपऱ्यात पाकळी, खाली तूरडाळ २ किलो.