झिग सीसीवर एक गळीत हंगाम: विंडोज, रास्पबेरी पाय आणि अँड्रॉइडसाठी एकच लायब्ररी

आमचं सॉफ्टवेअर वजनकाट्याच्या पावत्या छापतं. निपाणी-चिकोडीच्या बाजूला ऊस, खानापूरकडं भात. पावती कन्नड आणि मराठी दोन्हींत लागते, आणि स्वस्तातल्या थर्मल प्रिंटरला ना रफार कळतो ना कन्नड अक्षराखालचं ओत्तक्षर. म्हणून फ्रीटाइप (अक्षरं रेखाटणारी) आणि हार्फबझ (जोडाक्षरं जुळवणारी) या लायब्ररी घेऊन ओळीचं चित्रच प्रिंटरला पाठवणारी छोटी लायब्ररी केली. ती काट्याच्या खोलीतल्या विंडोजवर, डब्यात बसवलेल्या रास्पबेरी पाय या छोट्या लिनक्स संगणकावर आणि चिटबॉयच्या (कारखान्याच्या ऊसनोंदणीच्या माणसाच्या) हातातल्या अँड्रॉइड टॅबवर चालायला हवी. गेला अख्खा हंगाम ती झिग सीसीनं, म्हणजे झिगसोबतच्या सी कंपायलरनं, बांधतोय.

झिग ही वेगळी भाषा आहे, पण तिच्यासोबत येणारा सी कंपायलर भाषा न शिकताही वापरता येतो. आत क्लँग हा कंपायलरच आहे. विंडोजसाठी मिंगडब्ल्यू आणि लिनक्ससाठी मसल, जीलिबसी या मूळ सी लायब्ररी सोबतच येतात. वेगळं सिसरूट (दुसऱ्या मशीनच्या हेडर-लायब्ररींचा संच) जमवत बसावं लागत नाही.

खरा फायदा जीलिबसीचा. उबुंटू २२.०४ वर २.३५ आहे, डेबियन ११ वाल्या पायवर २.३१. त्यात २.३४ पासून पीथ्रेड (थ्रेडची लायब्ररी) मुख्य लिबसीतच विलीन झालं, त्यामुळं थ्रेड वापरणारी साधी लायब्ररीही नव्या मशीनवर बांधली की पायवर ‘२.३४ सापडत नाही’ म्हणून अडते. झिगमध्ये टार्गेटच्या (ज्या मशीनसाठी बांधायचं तिच्या) नावापुढं टिंब देऊन २.३१ लिहायचं, संपलं. एवढ्या एका सोयीसाठी मी बाकी सगळं सोसतो.

सोसण्यासारखंही आहे की. सीमेक या बिल्ड चालवणाऱ्या साधनाला कंपायलर म्हणून ‘झिग सीसी’ असे दोन शब्द कसेबसे चालतात, पण एआरच्या (लायब्ररीच्या फाइली एकत्र बांधणाऱ्या साधनाच्या) जागी ‘झिग एआर’ चालत नाही. दोन ओळींची रॅपर स्क्रिप्ट करून तिचा पत्ता टूलचेन फाइलमध्ये (सीमेकला कुठली साधनं वापरायची ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) द्यावा लागतो. ऑप्टिमायझेशन न देता बांधलं की अनडिफाइन्ड बिहेवियरची (सीच्या नियमांबाहेरच्या वागण्याची) तपासणी आपोआप चालू होते, आणि जीसीसी या नेहमीच्या कंपायलरवर निवांत चालणारा कोड धाडकन पडतो. पहिल्यांदा राग येतो. पण पडतो तो बहुतेक वेळा पडायलाच हवा असतो, त्यामुळं ती मी बंद केलेली नाही. सी++ साठी झिग स्वतःसोबतची लिबसी++ ही लायब्ररी जोडतो. जीसीसीनं बांधलेल्या तयार सी++ लायब्ररीशी तिचं जमत नाही. आमचा बाहेरचा इंटरफेस निव्वळ सीचा आहे, म्हणून निभावलं.

जुना पाय झिरो वेगळं प्रकरण. त्याचा प्रोसेसर जुन्या एआरएमव्ही६ पिढीचा, तर डेबियनचा आर्मएचएफ (३२ बिट एआरएमचा) कंपायलर व्ही७ धरून चालतो, म्हणून त्यातून निघालेली फाइल झिरोवर ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून मरते. झिगला सीपीयू म्हणून एआरएम११७६ सांगितला की सुटतं. काट्यावर न्यायच्या आधी क्यूईएमयू या एम्युलेटरला तोच सीपीयू देऊन चालवून बघावं. ऐन हंगामात ट्रॅक्टरांची रांग लागली असताना डबा उघडायला कोण देणार?

अँड्रॉइडसाठी मात्र झिगच्या नादी लागू नका. बायोनिक ही अँड्रॉइडची सी लायब्ररी त्याच्यासोबत येत नाही. एनडीके (गुगलचा अँड्रॉइडसाठीचा सी/सी++ संच) आणि त्याचीच टूलचेन फाइल घ्या. एनडीके आर२८ किंवा पुढचं घ्या, कारण १६ केबी पेजचं (मेमरीच्या तुकड्यांचं) अलाइनमेंट त्यात मुळातच चालू आहे. अँड्रॉइड १५ आणि पुढच्यासाठीच्या ॲपना गुगल प्लेनं ही अट १ नोव्हेंबर २०२५ पासून लावली. (बेळगावच्या मराठी माणसाला १ नोव्हेंबर ही तारीख काळ्या दिनामुळं पाठ असते, ते असो.) जुन्या स्वस्त टॅबसाठी ३२ बिटचं टार्गेटही ठेवलंय, प्लेवर ६४ बिटचं सोबत असलं की चालतं.

हे सगळं सीमेकच्या प्रीसेट (तयार सेटिंगच्या) फाइलमध्ये बसवलं, त्यामुळं बेळगावातल्या उद्यमबागच्या ऑफिसात नवा मुलगा आला तरी त्याला नाव निवडून बिल्ड चालवण्यापलीकडं काही करावं लागत नाही. झिगची आवृत्ती मात्र तिथंच पक्की करून ठेवा. १.० अजून आलेलं नाही आणि दर आवृत्तीत काहीतरी हलतं.

आयफोनसाठी ॲपलचं एसडीके आणि मॅक लागतोच, झिगनं ते टळत नाही. काट्यावर अजून कुणी आयफोन मागितलेला नाही.