राणीबाग की नॅशनल पार्क, पोरांना कुठे न्यायचं?

पोरगं चार-पाच वर्षांचं असेल तर सरळ राणीबाग, म्हणजे मुंबईतलं प्राणिसंग्रहालय. भायखळा स्टेशनवरून चालत जाता येतं, तिकीट स्वस्त, सावली भरपूर, आणि पेंग्विन तर आहेतच, २०१६ मध्ये आणलेले हम्बोल्ट पेंग्विन. माझी लेक त्या काचेला नाक चिकटवून उभी राहते, एखादा पेंग्विन पाण्यात सूर मारून समोरून सरकन गेला की "आई, हा मला बघून आला!" म्हणून ओरडते, तिथून हलवणं मुश्किल. गर्दी मात्र रविवारी खूप, मागचे लोक घाई करतात.

बोरिवलीचं नॅशनल पार्क वेगळं प्रकरण आहे. गेटपासून कान्हेरीची लेणी पाच-सहा किलोमीटर आत, बस असते, मोठी मुलं सायकलने जातात. शंभरावर लेणी आहेत, सगळी बघायच्या फंदात पडूच नका. पण खडकात खोदलेली पाण्याची टाकी आणि डोंगरावरून पाणी त्यांच्यात आणणारे ते छोटे पाट मुलांना नक्की दाखवा, माझा मोठा तर पाट कुठून येतो ते शोधत वर चढत गेला. माकडं हातातला खाऊ हिसकावतात, डबा बॅगेतच ठेवा.

मला विचाराल तर आठ वर्षांच्या पुढे नॅशनल पार्कच, तिथे मुलं बघत नाहीत नुसती, हुंदडतात, आणि आपल्या मुंबईतल्या पोरांना तेच तर मिळत नाही!

राणीबाग बुधवारी बंद, नॅशनल पार्क सोमवारी.