हातातला कागद म्हणजे एसआर-२२ नव्हे

कॅलिफोर्नियात मद्यपान करून गाडी चालवल्याचा गुन्हा माझ्या नावावर आहे, हे मी प्रथमच इतक्या लोकांसमोर लिहितो आहे. त्या रात्री मी जे केले त्याचे समर्थन मला करायचे नाही. रस्त्यावर कोणी जखमी झाले नाही, यात माझे कर्तृत्व काहीच नव्हते. लिहायचे आहे ते त्यानंतर झालेल्या फसवणुकीविषयी, कारण ज्या अवस्थेत मी फसलो त्याच अवस्थेत आज इथे राहणारा आणखी कोणी मराठी माणूस असेल आणि तोही कोणाला न विचारता, खोलीचे दार लावून, फोनवर विमा एजंटांचे पत्ते शोधत बसला असेल.

जानेवारी २०२५ मध्ये फ्रीमॉन्ट येथे एका मित्राकडून परतताना पोलिसांनी मला थांबवले. रक्तातील अल्कोहोलचे प्रमाण ०.०८ टक्क्यांच्या मर्यादेपेक्षा जास्त निघाले. परवाना तिथेच काढून घेण्यात आला आणि ३० दिवस चालणारा गुलाबी कागदाचा तात्पुरता परवाना हाती आला. ती मुदत संपल्यावर मोटार वाहन विभागाने, म्हणजे डीएमव्हीने, घातलेले निलंबन सुरू झाले. पहिलाच गुन्हा असेल तर निलंबनाचे ३० दिवस गाडीला हात न लावता काढल्यावर कामावर आणि मद्यपानविषयक सक्तीच्या वर्गाला जाण्यायेण्यापुरता मर्यादित परवाना मिळू शकतो. मी तोच मार्ग धरला. त्यासाठी वर्गात नाव नोंदवल्याचा पुरावा, १२५ डॉलर शुल्क आणि एसआर-२२ या तीन गोष्टी लागतात.

एसआर-२२ हा एक खास प्रकारचा विमा असतो, असा माझा समज होता आणि ओळखीतल्या अनेकांचा आजही आहे. प्रत्यक्षात तो विमा नाही. या चालकाकडे राज्याने ठरवलेल्या किमान रकमेचा दायित्व विमा, म्हणजे आपल्या हातून दुसऱ्याची हानी झाल्यास भरपाई देणारा विमा, आहे, असे विमा कंपनीने डीएमव्हीला थेट कळवायचे प्रमाणपत्र म्हणजे एसआर-२२. ती किमान रक्कम १ जानेवारी २०२५ पासून वाढली असून एका जखमी व्यक्तीमागे ३०,००० डॉलर, एका अपघातातील सर्व जखमींसाठी मिळून ६०,००० डॉलर आणि मालमत्तेच्या नुकसानीसाठी १५,००० डॉलर अशी आहे. माझ्यासारख्या गुन्ह्यानंतर हे प्रमाणपत्र तीन वर्षे टिकवावे लागते. मध्येच विमा बंद पडला तर तीच कंपनी एसआर-२६ नावाची सूचना डीएमव्हीला पाठवते आणि परवाना पुन्हा निलंबित होतो. हा सगळा व्यवहार कंपनी आणि डीएमव्ही यांच्यात होतो. चालकाच्या हातात काय कागद आहे, याला त्यात फारशी किंमत नसते. माझी फसवणूक नेमकी इथेच झाली.

माझ्या जुन्या विमा कंपनीने मार्चमध्ये संपणाऱ्या पॉलिसीचे नूतनीकरण करणार नसल्याचे पत्र पाठवले होते. दुसऱ्या दोन मोठ्या कंपन्यांनी सांगितलेला हप्ता ऐकून मी फोन ठेवला. १९८८ च्या प्रपोझिशन १०३ या कायद्यामुळे कॅलिफोर्नियातील चांगल्या चालकांना हप्त्यात किमान २० टक्के सवलत मिळते. मद्यपानाच्या गुन्ह्यानंतर ती १० वर्षे मिळत नाही, आणि त्यावर वाढीव जोखमीचा हप्ता वेगळाच. पण पैशांपेक्षाही मोठी भीती व्हिसाची होती. अशा अटकेनंतर अमेरिकी परराष्ट्र खाते पासपोर्टवरील व्हिसा रद्द करू शकते आणि पुन्हा व्हिसा घेताना दूतावासाने नेमलेल्या डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी लागते, हे मला वकिलाने सांगितले होते. साताऱ्याला वडिलांच्या पंचाहत्तरीला जाणे मी त्यामुळेच रद्द केले आणि घरी कामाचे कारण सांगितले. मंडळातल्या ज्या मित्रांना इथल्या विम्याची खडान्‌खडा माहिती आहे, त्यांच्यापैकी एकालाही मी फोन केला नाही. ज्या विमा एजंटाने मला फसवले, त्याला कागदपत्रे द्यायच्या आधीच मी त्याला हवा तसा गिऱ्हाईक झालो होतो.

त्याचे दुकान एका छोट्या बाजारसंकुलात होते. काचेवर मोठ्या अक्षरांत ‘एसआर-२२ आजच्या आज’ असे लिहिलेले होते. तो हिंदीत बोलला, मला भाईसाब म्हणाला, चहा मागवला आणि न विचारताच म्हणाला की, अशी प्रकरणे त्याच्याकडे रोज येतात, यात लाजण्यासारखे काही नाही. महिनाभरात मला इतक्या आपुलकीने कोणी बोलले नव्हते. सहा महिन्यांचा हप्ता १,८४० डॉलर आणि प्रमाणपत्र दाखल करण्याचे शुल्क ३५० डॉलर, असे त्याने सांगितले. रोख दिल्यास काम लवकर होईल, कारण कार्डाने भरलेले पैसे कंपनीकडे पोहोचायला वेळ लागतो, हे कारण तेव्हा मला खटकलेही नाही. त्याने पॉलिसी क्रमांक असलेला एक कागद आणि हाताने लिहिलेली पावती दिली. चार दिवसांनी डीएमव्हीच्या खिडकीवर गेलो तेव्हा एसआर-२२ नोंदवलेले होते आणि मर्यादित परवाना मिळाला. त्यानंतर त्या माणसाविषयी शंका घ्यायला माझ्याकडे कारण उरले नाही. पत्नी मात्र दोनदा म्हणाली, “कंपनीकडून आपल्याला एकही पत्र कसं आलं नाही?” मी तिला पावती दाखवली.

एप्रिलच्या अखेरीस डीएमव्हीचे एक पत्र आले. माझ्या गाडीच्या विम्याची नोंद त्यांच्याकडे नाही आणि ती मिळाली नाही तर गाडीची नोंदणी निलंबित होईल, असे त्यात होते. इथे विमा कंपन्या प्रत्येक गाडीच्या विम्याची माहिती डीएमव्हीला संगणकाद्वारे कळवतात. जुन्या कंपनीने विमा संपल्याचे कळवले होते, नव्या कंपनीने काहीच कळवले नव्हते. मी पत्र घेऊन दुकानात गेलो. त्याने ते वाचले, ही नोंद उशिरा होण्याची नेहमीची अडचण आहे, मी पाहून घेतो, असे सांगितले आणि पत्र स्वतःकडे ठेवून घेतले. तेव्हा निदान त्याची प्रत तरी मी ठेवायला हवी होती.

जूनमध्ये दुसरे पत्र आले, आणि ते गाडीविषयी नव्हते, माझ्या परवान्याविषयी होते. एसआर-२२ रद्द झाल्यामुळे परवाना निलंबित झाल्याची जी तारीख त्यात दिली होती, ती उलटून १९ दिवस झाले होते. आम्ही मे महिन्यात घर बदलले होते आणि नवा पत्ता १० दिवसांत डीएमव्हीला कळवण्याचा नियम मी पाळला नव्हता. पत्र जुन्या घरी फिरून आले. ते १९ दिवस मी रोज गाडीने कामावर जात होतो. निलंबित परवान्यावर गाडी चालवणे हा इथे फौजदारी गुन्हा आहे, आणि न्यायालयाने दिलेल्या परिविक्षेच्या (प्रोबेशनच्या) काळात मी त्यात पकडला गेलो असतो तर पुढे काय झाले असते, याचा विचार आजही करवत नाही.

त्या दुपारी मी प्रथमच थेट विमा कंपनीला फोन केला. दुकानदाराच्या कागदावरचा क्रमांक न वापरता कंपनीच्या संकेतस्थळावरचा वापरला, एवढे शहाणपण त्या वेळी सुचले. पलीकडच्या बाईंनी शांतपणे एकेक गोष्ट सांगितली. पॉलिसी खरी होती. पण ती ‘नॉन-ओनर’ प्रकारची, म्हणजे स्वतःची गाडी नसलेल्या चालकासाठीची होती. कधीतरी दुसऱ्याची गाडी चालवणाऱ्यासाठी असलेली ही पॉलिसी पुष्कळ स्वस्त पडते, मात्र स्वतःच्या मालकीच्या गाडीला ती लागू होत नाही. माझ्या अर्जात ‘स्वतःची गाडी नाही’ असे लिहिलेले होते आणि त्याखाली माझी सही होती. दुकानात पुढे सरकवलेल्या पाच-सहा पानांवर मी न वाचता सह्या केल्या होत्या. हप्ता महिन्याला ६४ डॉलर होता, तोही दोनच महिने भरलेला. दाखल करण्याचे शुल्क कंपनीने २५ डॉलर घेतले होते. पत्रव्यवहारासाठी दिलेला पत्ता आणि ईमेल दुकानाचा होता, त्यामुळे हप्ता थकल्याच्या सगळ्या सूचना त्याच्याकडेच जात राहिल्या. माझ्या २,१९० डॉलरपैकी १५३ डॉलर कंपनीपर्यंत पोहोचले होते. मार्चपासून माझी गाडी एक दिवसही विम्याखाली नव्हती, म्हणजे तेवढ्या काळात माझ्या हातून कोणाला इजा झाली असती तर त्या माणसाला विम्यातून काहीही मिळाले नसते. पैसे गेल्याचे दुःख कमी झाले आहे, पण हे अजून बोचते.

दुसऱ्या दिवसापासून मी बसने कामावर जाऊ लागलो. नव्या कंपनीकडून गाडीसह योग्य पॉलिसी घेतली, नवे एसआर-२२ दाखल करवून घेतले आणि परवाना पुन्हा सुरू होईपर्यंत पत्नीने मला वर्गाला सोडले. एरवी कोणीच विमा द्यायला तयार नसेल तर कॅलिफोर्नियात ‘असाइन्ड रिस्क प्लॅन’ नावाची योजना आहे. तिच्यातून नाकारलेल्या पात्र चालकांची जबाबदारी कंपन्यांमध्ये वाटून दिली जाते. हे मला मार्चमध्ये ठाऊक असते तर त्या दुकानाची पायरी चढलो नसतो. एजंटाचा किंवा ब्रोकरचा परवाना क्रमांक राज्याच्या विमा विभागाच्या संकेतस्थळावर दोन मिनिटांत तपासता येतो, आणि ब्रोकरला स्वतःचे वेगळे शुल्क घ्यायचे असेल तर ते आधी लेखी सांगून त्यावर ग्राहकाची सही घ्यावी लागते. त्याच्या कार्डावरचा क्रमांक मी जूनमध्ये तपासला. तो दुसऱ्याच माणसाच्या नावावर होता आणि त्याची मुदत संपलेली होती.

विमा विभागाकडे मी लेखी तक्रार केली आहे. पावती, अर्जाची कंपनीकडून मागवलेली प्रत आणि डीएमव्हीचे दुसरे पत्र तिला जोडले आहे. पहिले पत्र त्याच्याकडेच राहिले. दुकान त्यानंतर दोन आठवडे उघडे होते.

त्याच आठवड्यात मी वर्गात हे सगळे सांगितले. तोपर्यंत तिथे मी स्वतःहून एक शब्दही बोललो नव्हतो. मधल्या सुट्टीत मागच्या रांगेतला एक वयस्कर गृहस्थ माझ्याजवळ आला आणि त्याने पाकिटातून त्याच दुकानाचे कार्ड काढले. मी त्याला कंपनीचा फोन लावून दिला. व्हरांड्यात उभ्या उभ्या त्याने आपला पॉलिसी क्रमांक सांगितला आणि त्याच्या गाडीची नोंद त्यात आहे का, एवढेच विचारले. ती नव्हती. हप्ता मात्र अजून थकलेला नव्हता, त्यामुळे परवाना निलंबित होण्याआधी विमा बदलून घ्यायला त्याच्या हाती अकरा दिवस होते.